मंगलच्या मानेखालची उशी

हे मी आजवर कोणाच्या कानावर घातलेलं नाही. भावाला नाही, भावजयीला नाही. देवापुढं हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही — तिथंसुद्धा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. तुमची-माझी ओळखदेख नाही. कदाचित म्हणूनच तुमच्यापुढं तोंड उघडायला धीर होतोय. पण मला एकदम मुद्द्यावर येता येणार नाही. आधी थोडं आजूबाजूचं सांगते — चालेल ना?

मी नर्स होते. परभणीत, एका मोठ्या दवाखान्यात. त्याचं नाव नको. माहेर झरीचं, घरी शेतीवाडी, खाऊनपिऊन सुखी. लग्न झालं ते टिकलं नाही. ती हकीकत सांगितली तर तुम्हाला माझी कणव येईल, आणि आज मला ती नकोय. भावानं औरंगाबादला नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. नोकरी लागली, आणि काही वर्षांनी मी स्वतः मागून घेतला तो भाजलेल्यांचा वॉर्ड. तिथं कोणाला ड्यूटी नको असायची — वासामुळं. तो वास लुगड्यात बसतो, केसांत बसतो, घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं तरी पहिल्या घासाला आठवतो. मला सवय झाली. नुसती सवय नाही, अभिमान झाला. भाजलेल्या हाताची शीर सहसा सापडत नाही, ती मला सापडायची. खेड्यातून बैलगाडीत घालून कोणाला आणलं की डॉक्टर आधी विचारायचे, बाई कुठं आहेत? भाजीबाजारात एखादी म्हातारी वाटेत थांबवून म्हणायची, ‘ह्याच बाईनं आमची सून वाचवली.’ मला मूलबाळ नव्हतं, दाराशी वाट बघणारं कोणी नव्हतं, मला हे एवढंच होतं — बघा, आलेच मी कणवेवर. सोडा ते.

विमल माझ्या हाताखाली आली तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरची जाळपोळ होऊन थोडीच वर्षं झाली होती. ती बौद्ध समाजातली, पूर्णेकडच्या एका लहानशा खेड्यातली. काटकुळी, सावळी, बोलायला कमी. हाच वॉर्ड का मागितलास म्हणून मी विचारलं तेव्हा तिनं एकदाच सांगितलं होतं, ‘ताई, माझ्या चुलत्याचे दोन्ही हात भाजले त्या दंगलीत. गोठा पेटला, गाय सोडायला गेला. बोटाला बोटं चिकटून मुठी झाल्या. आता त्याला भाकरी मोडता येत न्हाई.’ मी काय म्हणाले ते आठवत नाही.

तिला मी शिकवलं. सलाइन कशी लावायची, ड्रेसिंग करताना रोग्याच्या डोळ्यांत बघायचं की नाही, ओरडणाऱ्या माणसाशी कोणत्या आवाजात बोलायचं, सगळं. ती पटकन शिकायची. तोपर्यंत मला ते आवडायचं. खरंच आवडायचं. ‘तोपर्यंत’ म्हणजे कधीपर्यंत, ते सांगते.

एक दिवस वरून कळवण्यात आलं की मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात भाजलेल्यांच्या शुश्रूषेचं वरचं शिक्षण देणार आहेत, काही महिने तिथं राहून शिकायचं, आणि जिल्ह्यातून एकच नर्स पाठवायची. एकच — म्हणजे मीच की नाही? दुसरं कोण? मी धरूनच चालले. झरीला जाऊन भावाला सांगून आले. भावजयीनं गावभर केलं, ‘आमच्या वन्सं मुंबईला जायल्यात, मोठ्या कोर्सला.’ मी नवी वळकटी घेतली, दोन पांढऱ्या साड्या घेतल्या. मुंबईत समुद्राच्या बाजूला दवाखाना असेल की आत, असले विचार करत बसायची. चाळिशी आलेल्या बाईनं हे करावं?

आणि मोठ्या डॉक्टरांनी राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर विमलचं नाव घेतलं.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते चांगले माणूस होते, त्यांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, ‘बाई, तुम्ही गेलात तर वॉर्ड कोण बघणार? विमलला इंग्रजी बरं समजतं, तिची नोकरीची वर्षंही पुष्कळ राहिलीत. ती शिकून आली की सगळ्यांना शिकवेल.’ त्यात एक शब्द खोटा नव्हता. खोटा असता तर बरं झालं असतं — मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. खऱ्या गोष्टीशी कसं भांडायचं?

त्या दिवशी नर्सांच्या खोलीत चहा पिताना कोणीतरी हळूच म्हणालं, ‘आता सगळं त्यांचंच चालायचं.’ बाहेर मोर्चे निघत होते. नामांतर झालंच पाहिजे, नामांतर होऊ देणार नाही — दोन्हीकडच्या घोषणांनी भिंती रंगल्या होत्या, मधूनच बाजार बंद व्हायचा. मी त्या बोलण्यावर हो म्हणाले नाही. नाही, असंही म्हणाले नाही. चहा पीत राहिले. तुम्ही विचाराल — ती तुमच्यातली असती तर तुम्हाला हेवा वाटला नसता का? मी यावर पुष्कळ वर्षं विचार केलाय. वाटला असता. पण मग तो मला लपवावा लागला असता. इथं लपवायची गरजच पडली नाही. माझं तोंड उतरलेलं बघून लोक आपणहून माझ्या बाजूला येऊन बसत होते, आणि मला ते गोड लागत होतं.

विमल गेली. परतली तेव्हा माझ्यासाठी मुंबईहून पट्ट्या कापायची चांगली कात्री घेऊन आली, टोकाला वाकडी, कातडीला न लागणारी. ‘ताई, तुमच्या हातासाठी,’ म्हणाली. मी ती कपाटात टाकली आणि जुन्या कात्रीनं काम करत राहिले. तिच्या देखत.

मग तिनं वॉर्ड पालटला. भाजलेल्याला आधी भरपूर गार पाणी, शाई नको, तेल नको, लिंबाचा पाला नको. जांभळं औषध बंद, पांढरं मलम सुरू. पट्टी ओरबाडून काढायची नाही, भिजवून काढायची. अंडी, शेंगदाणे, दूध पोटात गेलंच पाहिजे. आत येताना हात धुवायचे — डॉक्टरांनीसुद्धा. एका हलवायाकडच्या गड्याचे हात कढईत भाजले होते. तिनं त्याची बोटं एकेक करून वेगळी बांधली, रोज हलवायला लावली. तो शिव्या द्यायचा, रडायचा, ती हटायची नाही. त्याचे हात सुटे झाले. बरा झाल्यावर जिलबीचा पुडा घेऊन आला. मी दारातच उभी होते. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, ‘विमलबाई कुठं हायत?’ आणि मला ओलांडून आत गेला. माझ्या हातांनी त्याला पहिल्या दिवशी सलाइन लावली होती. त्याला ते आठवायचं कारण नव्हतं. पण मला ते दार अजून आठवतं.

डॉक्टरांनी मग वरच्या हॉलमध्ये शिबिर ठेवलं. तालुक्यातालुक्यांतून नर्सा आल्या, कंपाउंडर आले, आरोग्य केंद्रांवरचे दोन-तीन डॉक्टरही. विमल फळ्यापुढं उभी. मी शेवटच्या बाकावर. मध्येच ती म्हणाली, ‘ताई, तुमी पेशंट व्हा. तुमच्यावरच दाखवते.’ सगळे हसले, प्रेमानंच हसले. मी टेबलावर आडवी झाले. तिनं माझ्या खांद्यांखाली चादरीची घडी सरकवली, डोकं मागं पडलं, गळा ताणला गेला. हनुवटीखालच्या कातडीवर बोट ठेवून ती सगळ्यांना सांगायला लागली, ‘गळा भाजलेल्या पेशंटची मान अशीच राह्यली पाहिजे. उशी द्यायची न्हाई. उशी दिली की पेशंटला बरं वाटतं, आपल्यालाही पुण्य केल्यासारखं वाटतं. पण नवी कातडी येताना आवळत येती. हनुवटी छातीकडं ओढली जाती, आणि मग ते माणूस जन्मभर वर बघू शकत न्हाई.’

हे मी आडवी पडून ऐकलं. माझ्या स्वतःच्या गळ्यावर तिचं बोट होतं. तेव्हा — मला कळलं नव्हतं, मी जुन्या वळणाची होते, नव्या गोष्टी डोक्यात शिरल्या नाहीत — यातलं काहीही मला म्हणता येत नाही. तुम्हीही माझ्या वतीनं म्हणू नका. मला सगळं पहिल्याच वेळी समजलं होतं. मी नर्स चांगली होते.

आता मंगल.

ती चारठाण्याकडची. नऊ-दहा वर्षांची. थंडीच्या दिवसांत चुलीवर पाणी तापवायला बसली आणि अंगातल्या नायलॉनच्या झग्यानं पेट घेतला. तोंड वाचलं. हनुवटीखालपासून छातीपर्यंत सगळं गेलं. तिची आई रुक्मिणबाई — अंगापिंडानं मोठी, आवाजानं मोठी, आणि त्या आठवड्यांत अगदी एवढीशी झालेली. खाटेखालीच पटकूर टाकून राहायची.

मंगल जगणार नाही असं पहिले काही दिवस वाटत होतं. तिला वाचवण्यात विमल होती तशी मीही होते. नंतर जखमा भरायला लागल्या तसं विमलचं मानेचं काम सुरू झालं. खांद्यांखाली घडी, डोकं मागं. पोरीला ते सोसायचं नाही. मग विमलनं काय केलं — रंगीत कागदाचा पोपट कापून तिच्या उशाशी, मागच्या भिंतीवर उंच लावला. पोपट बघायचा तर मान मागंच टाकायला पाहिजे. दर दोन दिवसांनी पोपट बदलायचा. कधी मोर, कधी विमान. मंगल रडता रडता विचारायची, ‘उद्या काय लावणार?’ विमल सांगायची नाही.

सकाळची पाळी विमलची, दुपारची माझी. मी आले की मंगल विचारायची, ‘विमलबाई गेल्या का? उद्या कधी येत्यात?’ मी तिला दूध पाजायची, अंग पुसायची, आणि ती उद्या कधी उजाडेल ते विचारायची.

सांगते. सांगतेय.

एका दुपारी ती फार कण्हत होती. रुक्मिणबाई माझे पाय धरायला आली. ‘बाई, लेकराची मान लय दुखायलीय हो. घटकाभर तरी काही द्या मानंखाली. तुमाला तरी दया येऊ द्या.’ तुमाला तरी! मी कापसाची उशी आणली आणि मंगलच्या मानेखाली सरकवली. पोरीचा सगळा चेहरा सैल पडला. डोळे मिटले, मग उघडून माझ्याकडं बघितलं आणि हसली. त्या वॉर्डात ती पहिल्यांदा कोणाकडं तरी बघून तशी हसली, आणि ते माझ्याकडं बघून.

पहिल्यांदा दया आली म्हणून दिली — हे मी किती वर्षं स्वतःला सांगितलं असेल! आली होती दया, नाही असं नाही. पण मग दुसऱ्या दिवशी का दिली? तिसऱ्या दिवशी? आणि रोज पाळी संपायच्या आधी मी ती काढून गाद्यांच्या कपाटात मागं का ठेवायची? चादरीची घडी पुन्हा खांद्यांखाली का सारायची? दयेनं दिलेली उशी कोणी लपवतं का?

मी रुक्मिणबाईला सांगितलं, ‘विमलला बोलू नका, ती रागावेल.’ मंगललाही सांगितलं. लहान पोरीला मी गुपित राखायला शिकवलं. आणि मी तिच्या उशाशी नाही, पायथ्याशी बसायची — गोष्टी सांगायला. पायथ्याशी माणूस बसलं की मान खाली होते, पुढं झुकते. हे मला माहीत नव्हतं? मी तिथंच स्टूल ओढायची. हळूहळू ती माझी वाट बघायला लागली. सकाळी विमल दिसली की तोंड फिरवायची. भिंतीवरचं चित्र बघेनाशी झाली. वॉर्डात बायका विमलला कसाईण म्हणायला लागल्या, ती आली की कुजबुज थांबायची. मी ऐकायची. मला आतून कसं वाटायचं, सांगू? उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं.

तुम्हाला वाटेल, पोरीचं प्रेम पाहिजे होतं बाईला, झालं. नाही. तेवढंच असतं तर मी आज बोलले नसते. मला हेही पाहिजे होतं की मान आवळावी. असं शब्दांत कधी मनाशी म्हणाले नाही, पण पाहिजे होतं. मान आवळली तर मुंबईचं शिक्षण फुकट गेलं असं होणार होतं. विमलचं नाव जाणार होतं. लोक पुन्हा दारात माझ्यापाशी थांबणार होते. मला ह्यातलं सगळं दिसत होतं, आणि मी रोज दुपारी कपाट उघडत होते.

विमलच्या लक्षात यायला लागलं. सकाळी ती मंगलची मान हातात धरून बघायची, बोटानं कातडी चाचपायची. एक दिवस पाळी बदलताना मला बाजूला घेतलं. ‘ताई, मी शिकले तसंच करायलेय. मग मान का आवळायलीय? दुपारी ती उशी तर घेत न्हाई ना?’ ती माझ्यावर संशय घेत नव्हती. हे नीट समजून घ्या — तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. तिला वाटलं आई चोरून काही देत असेल आणि माझी नजर चुकत असेल. तिचे डोळे जागरणानं तांबारले होते.

मी म्हणाले, ‘नाही गं. तू सांगितलंस तसंच ठेवते मी.’

वर आणखी म्हणाले, ‘तूच जरा पुन्हा आठवून बघ, तिकडं नेमकं काय शिकवलं ते.’

हे दुसरं वाक्य कशाला बोलले? पहिल्यात भागलं नसतं?

जखम भरली. हनुवटी खाली ओढली गेली. खालचा ओठ ताणला गेला, लाळ गळायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी राउंडला मंगलला उभं केलं, वर बघ म्हणाले. तिनं कंबरेतून मागं वाकून त्यांच्याकडं बघितलं. डॉक्टर विमलकडं वळून म्हणाले, ‘हेच शिकून आलात का?’ विमलनं तोंड उघडलं, पण त्याआधी रुक्मिणबाई पुढं झाली. ‘साहेब, ह्या बाईनं लय हाल केले लेकराचे. रोज मान मोडायची तिची. ह्या दुसऱ्या बाईनं जीव लावला म्हणून लेकरू वाचलं.’ आणि तिनं माझा हात धरला. सगळ्यांसमोर. मंगलनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं.

मी तिथं उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. उशी मी दिली. तीन शब्द.

डॉक्टर म्हणाले, तिकडचं इकडं चालत नाही, आपलं जुनंच बरं. शिबिरं थांबली. वॉर्डातल्या बाया जे बोलायच्या ते मी इथं सांगत नाही — विमलच्या जातीवर जायचं आणि शिक्षणावर यायचं, अशा वाटेचं ते बोलणं होतं. मी पुन्हा त्यात नव्हते, आणि पुन्हा तिथंच होते. विमलनं काही दिवसांनी स्वतःच बदली मागितली. जिंतूरकडच्या एका आरोग्य केंद्रावर गेली. लसी टोचणं, बाळंतपणं. जाताना माझ्या पाया पडली. ‘ताई, सांभाळून घेतलंत,’ म्हणाली.

ती गेल्यावर वॉर्डात जांभळं औषध परत आलं. बोटं पुन्हा एकाच पट्टीत बांधली जायला लागली. मी होते ना तिथं, मला सगळं येत होतं — तिच्याकडूनच शिकलेलं. करायला काय हरकत होती? पण केलं असतं तर विमल बरोबर होती असं झालं असतं. त्या वर्षांत माझ्या हाताखालून किती लोक आवळलेल्या मुठी घेऊन घरी गेले, त्यांची तोंडं मला आठवत नाहीत. आठवावीत असं मी कधी बघितलंच नाही.

आणि मंगल? दर दिवाळीला रुक्मिणबाई तिला घेऊन माझ्याकडं यायची. टोपलीत जोंधळ्याचं पीठ, भुईमुगाच्या शेंगा, कधी गूळ. मंगल मोठी होत होती. शाळा सुटली होती — पोरं चिडवायची. तिला फळ्याकडं बघता यायचं नाही. पाणी प्यायला पेला तिरपा धरून कडेनं ओढायची. दारात आली की पायऱ्या बघतच आत यायची आणि म्हणायची, ‘आले हो बाई.’ मी तिला जेवू घालायची. तिच्यासाठी झंपराचं कापड आणून ठेवायची. दिवाळी जवळ आली की मला त्या येण्याची धास्ती वाटायची, आणि त्या आल्या नाहीत तर? — याचीही भीती वाटायची. पुढं रुक्मिणबाई वारली. मग मंगल भावाबरोबर यायला लागली. एका वर्षी आलीच नाही.

नंतर कळलं. विमल लस टोचायला चारठाण्याला गेली होती, तिथं तिला मंगल दिसली. तिनं ओळखलं. मंगलच्या भावाच्या घरी चार-सहा वेळा जाऊन त्याला तयार केलं, रजा काढली, मंगलला मुंबईला घेऊन गेली — जिथं शिकली होती तिथं, तिच्या शिकवणाऱ्या डॉक्टरांकडं. मांडीची कातडी काढून गळ्याला लावली. ऑपरेशनं झाली, विमल उशाशी राहिली.

हे मला एका नर्सनं सांगितलं तेव्हा मला काय वाटलं असेल? आनंद? लाज? दोन्ही नंतर आले. आधी जे आलं ते हे — मंगल दिवाळीला माझ्याकडं न येता तिच्याबरोबर गेली. माझी मंगल. इतकं सगळं होऊन, मला पुन्हा हेवाच वाटला.

विद्यापीठाला नाव मिळालं, त्या वर्षीचा उन्हाळा. गावात वातावरण अजून तंग होतं, पोलिसांच्या गाड्या चौकात उभ्या असायच्या. दुपारच्या वेळी माझ्या खोलीचं दार वाजलं. विमल, आणि तिच्या मागं मंगल. मंगलच्या गळ्यात स्पंजचा पट्टा होता. विमलनं तो सोडून मला दाखवलं. कातडी गोधडीच्या ठिगळांसारखी होती, पण मान होती. लांब, सरळ मान. मंगलनं ती हळूच उचलली आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांचा रंग इतका पिंगट असेल हे मला माहीत नव्हतं. तिनं ‘बाई’ म्हटलं नाही.

मला तेव्हाच समजलं, हिला उशीचं कळलंय. ती मुंबईत राहून आली होती. उशी द्यायची नाही — हे तिथं तिला रोज सांगितलं असणार. कशासाठी द्यायची नाही, तेही.

विमलनं पेढ्याचा पुडा माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, ‘ताई, तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, सुरवातीला हिची मान कोणी बघितली होती? मी म्हणले, मीच. साहेब, तुमच्याकडंच शिकले आणि नीट केलं न्हाई.’ पुड्याचा दोरा सोडत म्हणाली, ‘मी पुन्हा कोणाला शिकवलं न्हाई बघा, ताई. हिंमतच झाली न्हाई. मी कुठं चुकले हो? तुमी तिथंच होता. तुमाला काही दिसलं असंल.’

मी मंगलकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती. तिनं एक शब्द बोलायचा होता आणि सगळं संपणार होतं. ती बोलली नाही. विमलला सांगू नकोस, असं मी त्या पोरीला सांगितलं होतं. की तिला नुसतं बघायचं होतं मी काय म्हणते ते? मला माहीत नाही.

मी उठले, विमलच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘जाऊ दे विमल. लहान होतीस. चुकतं माणूस. मनाला लावून घेऊ नकोस.’

मी तिला माफ केलं.

विमल रडली. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखी, पदर तोंडात धरून रडली. मी चहा टाकला. मंगलनं चहा घेतला नाही, पेढ्यालाही हात लावला नाही. जाताना पायऱ्या उतरण्यापूर्वी ती मागं वळली, मान वर करून माझ्याकडं पुन्हा एकदा नीट बघितलं, आणि विमलचा हात धरून गेली. त्यानंतर ती माझ्याकडं आली नाही. पुढं तिचं लग्न झालं, मूल झालं, असं ऐकलं.

विमल आता निवृत्त होऊन परभणीतच राहते. बाजारात, कोणाच्या लग्नात भेट होते. मला बघितलं की गर्दीतून वाट काढत येते, ‘ताई’ म्हणते, आणि वाकून पाया पडते.

मी पडू देते.